टीव्हीमागची घरगुती एलईडी स्ट्रिप नीट चालत नाही? तपासणी या क्रमानं करा

टीव्हीच्या मागं एलईडी स्ट्रिप लावून पडद्यावरचा रंग भिंतीवर पसरवायचा, ही युक्ती फिलिप्सनं २००४ मध्ये ॲम्बिलाइट या नावानं बाजारात आणली. आता तीच गोष्ट सुटे भाग आणून घरी करता येते. फुटबॉलच्या रात्री कोल्हापूरच्या पेठेतल्या खोलीत पोरं दाटीवाटीनं बसलेली असली की हिरव्या मैदानाचा उजेड भिंतीवर पसरलेला लई भारी दिसतो. पण पहिल्या झटक्यात सगळं नीट चालेल याची खात्री कुणी देऊ नये. एखादी बाजू पेटतच नाही, पांढऱ्याचा केशरी होतो, लाल मागितला की हिरवा येतो, मध्येच सगळं लुकलुकायला लागतं.

अशा वेळी नवखा माणूस मोबाइल काढतो आणि सेटिंग बदलत सुटतो. तासाभरानं मूळ बिघाड तसाच राहतो आणि वर चार नवे झालेले असतात. माझं सरळ म्हणणं आहे की आधी वायर, मग सेटिंग, आणि चित्राचा भाग सगळ्यात शेवटी. बिघाड कुठं आहे ते स्ट्रिप स्वतःच दाखवते, फक्त ती पेटते कशी ते नीट बघायला पाहिजे.

कोणती जोडणी धरली आहे

डब्ल्यूएस२८१२बी जातीची, प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येणारी ५ व्होल्टची स्ट्रिप, तिला सांभाळायला ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ बोर्ड, त्यात डब्ल्यूएलईडी हा फुकट मिळणारा प्रोग्राम. चित्र पकडायला एचडीएमआय स्प्लिटर (चित्राची वायर दोन वाटांना फोडणारा), यूएसबी कॅप्चर कार्ड (ते चित्र कॉम्प्युटरला देणारं) आणि रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर, पुढं नुसतं 'पाय'), त्यावर हायपेरियन किंवा हायपरएचडीआर हा प्रोग्राम. पाय चित्राच्या कडांचे रंग काढतो, वाय-फायवरून बोर्डाला पाठवतो, बोर्ड ते स्ट्रिपला देतो.

४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५३ सेंटिमीटर उंच असतो. कडेपासून जरा आत चिकटवली तर मीटरला ३० दिव्यांच्या स्ट्रिपचे ८० ते ८५ दिवे लागतात. पुढचे सगळे आकडे याच मापाचे आहेत.

हाताशी डिजिटल मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, थोडी वायर आणि चिकटपट्टी ठेवा. पत्र्याच्या डब्यातला एसएमपीएस (स्ट्रिपला ५ व्होल्ट देणारा सप्लाय) वापरत असाल तर त्याच्या एका टोकाला उघड्या स्क्रूवर २३० व्होल्ट असतात. त्याला अर्थिंग द्या, स्क्रूवर झाकण बसवा आणि कुठल्याही वायरीला हात लावण्याआधी पिन सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

पायरी १: बिघाड कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवा

रास्पबेरी पाय बंद करा. टीव्हीही बंद राहू दे. मोबाइलवर डब्ल्यूएलईडी उघडा आणि एकसारखा रंग द्या: आधी लाल, मग हिरवा, निळा आणि शेवटी पांढरा. प्रत्येक रंगाला मिनिटभर थांबा आणि पहिल्या दिव्यापासून शेवटच्यापर्यंत नजर फिरवा.

चारही रंग सगळीकडं सारखे आले, लुकलुकले नाहीत, तर स्ट्रिप, वायर आणि सप्लाय ठीक आहे. तुमचा बिघाड चित्राच्या बाजूचा, थेट पायरी ५ वर जा. इथंच गडबड दिसली तर हायपेरियनला हातही लावू नका. त्याचा यात काही दोष नाही.

इथून पुढं एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि चालू झालं, तर कशानं झालं ते कळत नाही आणि महिन्याभरानं तोच बिघाड पुन्हा आला की पहिल्यापासून सुरू.

पायरी २: करंट पुरतोय का

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कारण सगळ्यात जास्त बिघाड इथंच निघतात.

डब्ल्यूएस२८१२बीच्या एका दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन बारके दिवे असतात. प्रत्येकी सुमारे २० मिलिअँपिअर धरले तर पूर्ण पांढऱ्यावर एक दिवा ६० मिलिअँपिअर ओढतो. ८५ दिव्यांना ५.१ अँपिअर झाले. सप्लाय काठावरचा नको, ५ व्होल्ट १० अँपिअरचा घ्या, म्हणजे तो तापणार नाही. मीटरला ६० दिव्यांची स्ट्रिप असेल तर दुप्पट धरा आणि १५ अँपिअरकडं जा.

टीव्हीच्या यूएसबी पोर्टवर ही स्ट्रिप चालवू नका. यूएसबी २.० ची मर्यादा अर्धा अँपिअर आणि ३.० ची ०.९. मोबाइलच्या चार्जरनंही पुष्कळ जण फसतात. चार्जरवर ६७ वॉट छापलेलं असतं, पण ते वॉट फोनशी बोलणी करून वाढवलेल्या व्होल्टेजवरचे. साध्या ५ व्होल्टवर तोच चार्जर दोन-तीन अँपिअरच्या पुढं जात नाही.

दुकानात आणखी एक घोटाळा होतो. इथल्या दुकानांत १२ व्होल्टचा माल जास्त, कारण सीसीटीव्हीवाले आणि गणपतीत गेट सजवणारे तोच नेतात. "मामा, पाच व्होल्टची पिक्सेल स्ट्रिप आहे का?" असं विचारलं की उत्तर येतं, "भावा, बारा व्होल्टची ने की, लई उजेड पडतोय." उजेड पडतो हे खरं. पण ५ व्होल्टच्या स्ट्रिपला १२ व्होल्टचा सप्लाय लागला तर ती क्षणात जळते. शिवाय डब्ल्यूएस२८११ जातीच्या १२ व्होल्टच्या स्ट्रिपमध्ये तीन दिवे मिळून एक पिक्सेल असतो. तीन दिवे कायम एकाच रंगाचे होतात आणि प्रोग्राममध्ये दिव्यांची संख्या एक तृतीयांश द्यावी लागते. त्यामुळं स्ट्रिपवर काय छापलंय ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ५ व्होल्टचा मोठा एसएमपीएस एलईडी बोर्ड बनवणाऱ्यांकडं किंवा मंडळांची लायटिंग करणाऱ्यांकडं विचारा.

आता मोजणी. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लावा. स्ट्रिप पूर्ण पांढरी पेटवा आणि पेटलेली असतानाच मोजा. दिवे बंद असताना मोजलेला आकडा कामाचा नाही, कारण भार नसताना मरतुकडा सप्लायसुद्धा ५ दाखवतो. आधी सप्लायच्या स्क्रूवर, मग स्ट्रिपच्या सुरुवातीला, मग शेवटच्या टोकाला प्लस आणि मायनसच्या तांब्याच्या ठिपक्यांवर.

सप्लायवरच ४.७ दिसत असेल तर सप्लाय कमी पडतोय. सप्लायवर ५ आणि स्ट्रिपच्या सुरुवातीला ४.६ असेल तर मधली वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे. लॅन केबलची एक तार प्लसला लावलेली मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. ती डेटाला (रंगाचा हुकूम नेणाऱ्या वायरीला) चालते, करंटला नाही. प्लस-मायनसला घरातल्या वायरिंगची १ एमएमची वायर लावा. सुरुवातीला ५ आणि शेवटाला ४.३ असेल तर स्ट्रिपच्या आतल्या तांब्यातच व्होल्टेज पडतंय.

हे मीटरशिवायही दिसतं. पांढरा रंग शेवटाकडं पिवळसर, मग केशरी होत जातो. निळ्या आणि हिरव्या दिव्याला पेटायला तीनेक व्होल्ट लागतात, लालला दोनच्या आसपास पुरतात. व्होल्टेज घसरलं की निळा आधी मान टाकतो आणि लाल टिकून राहतो. उपाय सोपा आहे: त्याच सप्लायवरून प्लस आणि मायनसची दुसरी जोडी वायर स्ट्रिपच्या शेवटच्या टोकाला द्या. टीव्ही मोठा असेल तर मध्येही एक जोडी द्या. डेटा मात्र एकाच टोकाकडून जातो, तो दोन्हीकडून द्यायचा नाही.

काही एसएमपीएसना व्होल्टेज कमी-जास्त करायचा बारका स्क्रू असतो. त्यानं ५ ते ५.२ च्या मध्ये ठेवा. ५.३ च्या वर नेलंत तर दिवे धोक्यात येतात.

याच पायरीत येणारं आणखी एक लक्षण म्हणजे पडदा पांढरा झाला, समजा जाहिरात लागली, की वाय-फाय तुटतं आणि सगळं पुन्हा सुरू होतं. दिव्यांनी अचानक करंट ओढला, व्होल्टेज खाली आलं आणि बोर्ड रीसेट झाला. सप्लायच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, १० व्होल्टचा चालेल. पट्टा असलेली बाजू मायनसला. उलटा लावला तर फुटतो. आणि स्ट्रिपचा करंट बोर्डाच्या पिनमधून नेऊ नका, सप्लायवरून स्ट्रिपला वेगळी वायर टाका.

दिवे मंद पेटतात पण रंग बरोबर आहेत? हे वायरीचं काम नसेल. डब्ल्यूएलईडीमध्ये करंटची मर्यादा घातलेली असते आणि ती मुळात ८५० मिलिअँपिअरवर असते. एलईडी सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या सप्लायच्या जरा खालचा आकडा द्या, १० अँपिअरला ८०००. मर्यादा पूर्ण काढू नका.

पायरी ३: ग्राउंड आणि डेटा

सप्लायचा मायनस, बोर्डाचा ग्राउंड (म्हणजे त्याचा मायनस) आणि स्ट्रिपचा मायनस हे तिन्ही एकमेकांना जोडलेले असायलाच पाहिजेत. बोर्ड मोबाइलच्या चार्जरवर आणि स्ट्रिप एसएमपीएसवर असेल तर हा जोड हमखास विसरतो, आणि मग दिवे मनाला येईल तसे रंग दाखवतात. मायनस एकत्र करा, पण दोन सप्लायचे प्लस एकमेकांना लावू नका.

स्ट्रिपवर छापलेला बाण बघा. डेटा बाणाच्या दिशेनंच जातो. उलट्या टोकाला वायर लावली तर एकही दिवा पेटत नाही, आणि स्ट्रिप खराब निघाली म्हणून ती परत करायला माणूस दुकानात जातो. पिनचाही गोंधळ असतो. ईएसपी८२६६ वर डब्ल्यूएलईडी मुळात जीपीआयओ२ वापरतं आणि नोडएमसीयू बोर्डावर त्या पिनपाशी डी४ असं छापलेलं असतं. डी२ बघून तिथं वायर लावली तर काहीच होत नाही.

बाण बरोबर, पिन बरोबर, ग्राउंड जोडलेला, तरी अधूनमधून भलत्याच रंगाचा झटका येतो? मग बोर्डाच्या डेटाची ताकद कमी पडतेय. ईएसपी ३.३ व्होल्टचा इशारा देतो, तर ५ व्होल्टवरच्या डब्ल्यूएस२८१२बीला कागदोपत्री किमान ३.५ लागतात. तरीही पुष्कळदा चालतं, म्हणून माणूस गाफील राहतो. डेटाची वायर लांब झाली, किंवा टीव्हीच्या पॉवर केबलला चिकटून गेली, की झटके सुरू होतात.

आधी फुकटचे उपाय करा. बोर्ड स्ट्रिपच्या पहिल्या दिव्याजवळ आणा, वीत-दीड वीत अंतरावर. डेटाच्या वायरीला ग्राउंडच्या वायरीशी पीळ घालून न्या. पहिल्या दिव्याच्या जवळ डेटामध्ये ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर घाला. एवढ्यानं पुष्कळ जणांचं भागतं.

नाही भागलं तर ७४एएचसीटी१२५ ही आयसी लावून इशारा ५ व्होल्टचा करायचा. ती गावात मिळेलच असं नाही, आणि बाजारात मिळणारा चार वाटांचा लाल लेव्हल शिफ्टर या वेगाला पुरा पडेलच असं नाही. सोपी तोड म्हणजे १एन४००७ डायोड, जो टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या कुणाकडंही डब्यात पडलेला असतो. स्ट्रिपचा पहिला एकच दिवा कापून सुटा करा. त्याचा प्लस या डायोडमधून द्या, पट्टा दिव्याकडं. डायोडमध्ये ०.७ व्होल्ट पडतो, दिव्याला ४.३ मिळतात, आणि मग त्याला डेटासाठी ३ व्होल्ट पुरतात. बोर्डाचे ३.३ त्याला नीट समजतात. तो पुढच्या दिव्याला ४.३ व्होल्टचा ठणठणीत इशारा देतो. बाकीच्या स्ट्रिपला नेहमीचे ५ व्होल्ट द्यायचे. हा पहिला दिवा बोर्डाच्या डबीतच ठेवा आणि संख्येत एक वाढवा.

कोपऱ्यांकडं वेगळं बघा. स्ट्रिप वाकवून कोपरा घेतला असेल तर आतला तांब्याचा पत्रा तुटतो, आणि दाबून बसवायचे प्लॅस्टिकचे क्लिप काही महिन्यांत सैल होतात. एक बाजू नीट आणि कोपऱ्यानंतर लुकलुक असेल तर तो जोड बोटानं हलकेच दाबा. दाबल्यावर थांबलं की बिघाड सापडला. क्लिप काढून टाका. कापायच्या खुणेवर कापा, ठिपक्यांना आधी कथिल लावून घ्या आणि तीन बारक्या वायरींनी डाख मारा.

पायरी ४: मेलेला दिवा आणि चुकलेले आकडे

या स्ट्रिपमध्ये प्रत्येक दिवा आपल्या वाट्याचा रंग ठेवून घेतो आणि उरलेला पुढं सरकवतो. म्हणून एक दिवा मेला की त्याच्या पुढं सगळा अंधार होतो. दोषी दोघांपैकी एक असतो: पेटलेल्यांतला शेवटचा किंवा विझलेल्यांतला पहिला. आधी विझलेला पहिला काढून नवा लावा. नाही जमलं तर त्याच्या मागचा.

मात्र कात्री हातात घेण्याआधी मोजा. बरोबर ३० दिवे पेटून पुढं अंधार असेल तर स्ट्रिप शाबूत आहे. डब्ल्यूएलईडीमध्ये मुळात ३० हीच संख्या भरलेली असते. तुमची खरी संख्या टाका.

लाल मागितला आणि हिरवा आला, निळा मात्र बरोबर, तर रंगांचा क्रम चुकलाय. डब्ल्यूएस२८१२बीचा क्रम जीआरबी, म्हणजे आधी हिरवा. सेटिंगमध्ये तसा निवडा. पांढऱ्याचा वेगळा चौथा दिवा असलेली एसके६८१२ स्ट्रिप डब्ल्यूएस२८१२बी म्हणून लावली तर रंग पुढं-पुढं सरकत रांगोळी होते. तिथं सेटिंगमध्ये स्ट्रिपची जात बदला.

पावसाळ्यात एक तक्रार नेहमीची. रात्री लाइट गेली, पहाटे आली आणि टीव्ही बंद असताना भिंत केशरी उजळली. हा बिघाड नाही. करंट मिळाला की दिवे लावायचे, अशी डब्ल्यूएलईडीची मूळ सवय आहे. एलईडी सेटिंगमध्ये ती खूण काढून टाका.

पायरी ५: स्ट्रिप ठीक, पण चित्राशी जुळत नाही

पाय सुरू करा. मोबाइलमधल्या चित्र काढायच्या ॲपमध्ये एक चित्र बनवा: वर लाल, उजवीकडं हिरवा, खाली निळा, डावीकडं पिवळा. ते स्प्लिटरमधून जाणाऱ्या सेटटॉप बॉक्सवर किंवा लॅपटॉपवर दाखवा. टीव्हीत पेनड्राइव्ह घालून दाखवलं तर कॅप्चर कार्डला त्याचा पत्ताच लागणार नाही.

डावं-उजवं उलट आलं तर घाबरू नका, स्ट्रिप मागच्या बाजूनं बघत चिकटवल्यामुळं तसं होतं. हायपेरियनच्या दिव्यांच्या मांडणीत दिशा उलटी करायची खूण आहे. रंग एका कोपऱ्यानं सरकलेले असतील तर सुरुवातीच्या दिव्याची जागा बदला.

दिवे काहीच करत नाहीत आणि हायपेरियनच्या पडद्यावर चित्र काळं दिसतं? टीव्हीच्या आतल्या ॲपवर सिनेमा लावला असेल तर ते चित्र एचडीएमआयच्या वायरीतून जातच नाही. बाहेरचा बॉक्स वापरा किंवा टीव्हीकडं तोंड करून कॅमेरा लावा. बाहेरच्या बॉक्सवरही काळंच येत असेल तर ते एचडीसीपी, म्हणजे चित्रावर मालकानं घातलेलं कुलूप. आधी घरच्या मोबाइलचा व्हिडिओ लावून बघा. तो आला तर तुमच्या वायरीत दोष नाही.

रंग फिके, धुतल्यासारखे दिसत असतील तर बॉक्स एचडीआर (जास्त उजेड-रंगाचं) चित्र पाठवतोय. बॉक्सवर एचडीआर बंद करा किंवा हायपरएचडीआर घ्या, ते खास याच कामासाठी आहे. सिनेमात फक्त वर-खाली अंधार राहतो तो काळ्या पट्ट्यांमुळं. काळी पट्टी ओळखायची सोय चालू करा. बातम्या लावल्यावर खालची बाजू सारखी लाल-पिवळी लुकलुकते, ती ब्रेकिंग न्यूजच्या पट्टीमुळं. त्यावर उपाय करू नका, चॅनल बदला.

दिवे चित्राच्या मागं रेंगाळत असतील तर हायपेरियनमधलं स्मूदिंग (रंग हळूहळू बदलायची सोय) कमी करा. अडखळत असतील तर वाय-फाय बघा. ईएसपी८२६६ आणि ईएसपी३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांच्या जाड भिंती सिग्नल खातात. डब्ल्यूएलईडीमध्ये वाय-फायची झोप बंद करा, बोर्ड टीव्हीच्या पत्र्यापासून बाहेर काढा, राउटर त्याच खोलीत आणता आला तर आणा.

दमट हवा

कोल्हापूरच्या पावसाळ्यात दोन गोष्टी होतात. स्ट्रिपचा गोंद सुटतो आणि उघड्या तांब्यावर हिरवट थर चढतो. गोंदाच्या भरवशावर राहू नका, टीव्हीची पाठ स्पिरिटनं पुसून मग चिकटवा आणि कोपऱ्यांवर आधार द्या. सिलिकॉन लावायचं असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, ते तांबं खातं. न्यूट्रल म्हणून मिळतं ते घ्या. हिरवा थर जुन्या टूथब्रशनं आणि आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घासून काढा, डाख पुन्हा मारा. टीव्हीची हवा जायची जाळी मात्र झाकू नका.

एवढं करूनही दर काही आठवड्यांनी स्ट्रिपच्या वेगवेगळ्या ठिकाणी दिवे मरत असतील, आणि भार असताना व्होल्टेज बरोबर असेल, तर दुरुस्तीत वेळ घालवू नका. फक्त स्ट्रिप बदला. सप्लाय, बोर्ड आणि वायरिंग तेच ठेवा, आणि जुन्या स्ट्रिपमधले चांगले तुकडे पुढच्या दुरुस्तीला कापून ठेवा.